देणगीदार आणि संस्थांना जोडणारं ॲप कसं घडवावं: आधी गरजेची नोंद, मग बटण

देणगीचं ॲप करायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी देणगीदाराचा पहिला स्क्रीन काढायला बसतात. मोठा फोटो आणि खाली ‘मदत करा’ असं बटण. पण अशी ॲप बंद पडण्याचं कारण सहसा वेगळंच असतं. कधीच भागलेली गरज यादीत तशीच दिसत राहते. देणगीदार सामान घेऊन पोचतो, संस्थेत त्याला सांगतात की हे तर आम्हाला मिळालं, आणि तो माणूस पुन्हा ॲप उघडत नाही. म्हणून या लेखातली सगळी मांडणी संस्थेने नोंदवलेल्या गरजेभोवती आहे. ही नोंद नेमकी, ताजी आणि मोजता येण्यासारखी असली की बाकीचं ॲप तिच्यावर उभं राहतं. नोंदच मोघम असेल तर कितीही देखणी रचना उपयोगाची नाही.

पायरी १: काय देता येईल ते ठरवा, आणि एकच ठरवा

पैसे, वस्तू आणि वेळ या तिन्ही देणग्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची यंत्रणा वेगळी असते. पैशाला पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून पुढे पाठवणारी सेवा), पावती, हिशेब आणि कायद्याची बाजू लागते. वस्तूला संख्या, स्थिती, ने-आण आणि साठवणुकीची जागा लागते. वेळेला वेळापत्रक लागतं, शिवाय लहान मुलं किंवा वृद्धांसोबत काम असेल तर स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. पहिल्याच आवृत्तीत तिन्ही घेतली तर तीन अर्धवट ॲप तयार होतात.

नवख्या चमूने वस्तूंपासून सुरुवात करावी असा आमचा सल्ला आहे. गरज, होकार (देणगीदाराने द्यायचं कबूल करणं), पोच (सामान मिळाल्याची संस्थेने केलेली नोंद) हे सगळं चक्र त्यात शिकायला मिळतं, आणि चूक झाली तर कुणाचे पैसे अडकत नाहीत. पुढच्या बहुतेक पायऱ्या म्हणूनच वस्तू धरून सांगितल्या आहेत. पैशाची पायरी वेगळी आहे.

पायरी २: संस्थांकडची खरी मागणी गोळा करा

पाच-सहा संस्था निवडा. एखादी मोठी, दोन-तीन लहान, आणि एक अशी की जिथे सगळं काम एकाच माणसाच्या फोनवर चालतं. ‘तुम्हाला असं ॲप आवडेल का?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर हो असंच येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी मदतीसाठी पाठवलेले संदेश, वहीतल्या नोंदी, फलकावरच्या सूचना दाखवायला सांगा. तीस-चाळीस खरे संदेश हाती आले की ओळीने मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा: यात काय सांगायचं राहिलं?

उणिवा लगेच डोळ्यांत भरतात. ‘ब्लँकेटं हवीत, लवकर’ या संदेशात किती, कुठल्या मापाची, कधीपर्यंत, वापरलेली चालतील का, आणून कुणाकडे द्यायची, यातलं काहीच नाही. गरजेच्या फॉर्ममधले रकाने या राहिलेल्या गोष्टींतूनच ठरवायचे.

याच भेटीत आणखी तीन गोष्टी टिपून घ्या: मागणी कोण लिहितं, सामान कोण उतरवून घेतं, आणि ते ठेवायला जागा किती आहे. मागणी लिहिणारा आणि सामान उतरवून घेणारा ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात. तुमच्या ॲपमधल्या भूमिका तिथूनच निघतात.

पायरी ३: गरजेची नोंद रचा

चांगली नोंद साधारण अशी दिसते:

- वस्तू: एकेरी ब्लँकेट
- संख्या आणि एकक: ४० नग
- स्थिती: नवी, किंवा वापरलेली पण धुतलेली
- चालणार नाही: फाटलेली, लहान मुलांच्या मापाची
- शेवटची तारीख: नोंदीपासून १२ दिवस
- आणून देण्याची वेळ: सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते दुपारी १
- स्वीकारणार: भांडार सांभाळणारी व्यक्ती

‘चालणार नाही’ हा रकाना सहज गाळला जातो. तो जरूर ठेवा. नको असलेलं सामान आलं की ते निवडणं, ठेवणं आणि शेवटी टाकून देणं हा सगळा भार संस्थेवरच पडतो, आणि समोर आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. ते काम नोंदीनेच आधी करून ठेवलेलं बरं.

एकक यादीतून निवडायला द्या: नग, जोडी, किलो, लिटर, संच. मोकळा रकाना दिलात तर कुणी ‘५ बॉक्स’ लिहील, आणि एका बॉक्समध्ये बारा की चोवीस हा प्रश्न देणगीदाराच्या दारात जाऊन उभा राहील. ‘संच’ निवडला तर संचात काय काय हवं ते लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. संख्येच्या रकान्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही अंक स्वीकारा. साठवताना मात्र एकाच रूपात साठवा, नाहीतर बेरीज आणि क्रमवारी दोन्ही बिघडतात.

शेवटची तारीख प्रत्येक नोंदीला असू द्या. कुणी ती भरली नाही तर आपोआप १४ दिवस धरा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी संस्थेला एकच प्रश्न पाठवा, ‘ही गरज अजून आहे का?’, आणि ‘हो’, ‘भागली’, ‘संख्या बदलायची आहे’ अशी तीन बटणं द्या. उत्तर आलं नाही तर नोंद यादीतून उतरवा, पण पुसू नका. एका बोटाने ती पुन्हा चढवता आली पाहिजे. यादी ताजी ठेवायला हा एवढा नियम पुष्कळ होतो.

पूर्ण नोंद फोनवर दोन मिनिटांत भरून झाली पाहिजे. घड्याळ लावून बघा. ‘मागची नोंद पुन्हा वापरा’ ही सोय पहिल्या दिवसापासून हवी, कारण संस्थांच्या गरजा फिरून फिरून त्याच येतात.

पायरी ४: होकार, पोच आणि उरलेली संख्या

सगळ्यात जास्त ॲप इथेच फसतात, म्हणून इथे वेळ काढा.

नवखे लोक गरजेला ‘खुली’ आणि ‘पूर्ण’ अशा दोनच अवस्था देतात. मग ४० ब्लँकेटांच्या गरजेवर पहिल्या माणसाने ५ द्यायचं कबूल केलं की एकतर अख्खी गरज बंद होते, नाहीतर ती खुलीच राहते आणि दहा जण चाळीस-चाळीस ब्लँकेटं घेऊन येतात. अवस्थेऐवजी तीन संख्या ठेवा: मागणी, प्रत्यक्ष मिळालेलं, आणि अजून येणं बाकी असलेले होकार. उरलेली संख्या म्हणजे मागणीतून बाकीच्या दोन्ही वजा केलेल्या. मागणी ४०, मिळाली १८, होकार ७, तर यादीत १५ दिसली पाहिजेत.

होकाराला मुदत द्या. ७२ तास हा सुरुवातीला धरायला चांगला आकडा आहे. आदल्या दिवशी आठवण पाठवा, आणि मुदत संपली की संख्या आपोआप गरजेत परत जाऊ द्या. देणगीदाराला ‘जमणार नाही’ हे बटण सहज सापडेल असं ठेवा, आणि ते दाबल्यावर त्याला ओशाळवाणं वाटेल असं एक वाक्यही दाखवू नका. न सांगता गळालेल्या होकारापेक्षा वेळेवर कळवलेला नकार संस्थेच्या जास्त कामाचा असतो. मुदत वाढवून मागण्याची सोय एकदाच द्या.

आता तांत्रिक बाजू. शेवटची ३ ब्लँकेटं उरली आहेत आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर? फोनवर दिसणारी संख्या जुनी असू शकते, तेव्हा निर्णय सर्व्हरवरच व्हायला हवा. शिवाय ‘उरलेली संख्या तपासणं’ आणि ‘ती कमी करणं’ हे दोन्ही डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्ये खंड न पडता एकत्र) झालं पाहिजे. आधी तपासून मग वेगळ्या आज्ञेने वजा केलं, तर मधल्या फटीत दुसरा माणूस घुसतो आणि संख्या उणे होते. ज्याला मिळालं नाही त्याला ‘त्रुटी’ असा कोरडा शब्द दाखवू नका. ‘ही संख्या नुकतीच पूर्ण झाली’ असं सांगून जवळची तशीच गरज दाखवा.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे नेटवर्क मंद असताना माणूस बटण दोनदा दाबतो. त्यासाठी होकाराचा स्क्रीन उघडतानाच एक अद्वितीय क्रमांक तयार करा आणि प्रत्येक विनंतीसोबत तोच पाठवा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्यावं. क्रमांक प्रत्येक दाबण्याला नवा तयार केलात तर या उपायाला काही अर्थ उरत नाही. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते.

‘मिळालं’ ही खूण फक्त संस्थेची माणसंच करू शकतील असं करा. देणगीदाराच्या फोनवर क्यूआर कोड आणि त्याच्याखाली सहा अंकी क्रमांक दाखवा. स्वीकारणाऱ्याने स्कॅन करावं, नाही जमलं तर क्रमांक टाकावा, आणि प्रत्यक्ष आलेली संख्या भरावी. १० कबूल करून ७ आणणारे पुष्कळ असतात, तेव्हा ही संख्या बदलता आली पाहिजे, आणि उरलेल्या ३ गरजेत परत गेल्या पाहिजेत. भांडाराच्या खोलीत नेटवर्क नसणं नेहमीचं आहे. पोच आधी फोनमध्येच साठवा, नेटवर्क आल्यावर पाठवा, आणि तोवर स्क्रीनवर ‘पाठवायची बाकी’ असं स्पष्ट लिहा.

पायरी ५: कोड लिहिण्याआधी हे सगळं हाताने चालवून बघा

एक सामायिक स्प्रेडशीट, एक फोन नंबर आणि रोज अर्धा तास देणारा एक माणूस, एवढ्यावर दोन-तीन आठवडे वरचं चक्र चालवा. संस्था गरज कळवतील, तो माणूस शीटमध्ये भरेल, देणगीदारांना संदेश जातील, पोच हाताने नोंदवली जाईल. कुठला रकाना कुणी भरतच नाही, ७२ तास कमी पडतात की जास्त होतात, संस्था पोच द्यायला का विसरतात, हे इथे फुकटात कळतं. कोड झाल्यावर तेच कळायला महिने जातात. घाई असली तरी ही पायरी वगळू नका.

पायरी ६: संस्थेची पडताळणी

नोंदणीचं प्रमाणपत्र अपलोड करून घेतलं म्हणजे पडताळणी झाली असं नाही, कारण कागद दुसऱ्याचाही असू शकतो. नोंदणी क्रमांक सरकारी नोंदवहीत तपासा, बँक खात्यावरचं नाव संस्थेच्या नावाशी जुळवा, आणि अर्जात दिलेल्या नंबरवर नव्हे, सार्वजनिक नोंदीत सापडलेल्या नंबरवर फोन करा. शेवटचा निर्णय माणसाने घ्यावा. निदान सुरुवातीच्या काळात तरी हे यंत्रावर सोडू नका.

नुसती निळी खूण दाखवण्यापेक्षा काय तपासलं आणि कधी तपासलं ते लिहा, जसं ‘नोंदणी आणि बँक खातं तपासलं’ आणि खाली तारीख. वर्षातून एकदा पुन्हा तपासा.

खातं संस्थेच्या नावाने काढा आणि त्याखाली व्यक्ती जोडा: एक प्रमुख, गरज नोंदवणारे, पोच घेणारे. एकच पासवर्ड सगळ्यांनी मिळून वापरायला लागले की माणूस काम सोडून गेल्यावरही त्याचा प्रवेश चालू राहतो. प्रमुखासाठी दोन टप्प्यांचं लॉगिन ठेवा. बँक खातं बदललं की पैसे देणं थांबवून पडताळणी नव्याने करा, कारण खातं बळकावणारा पहिल्यांदा तेच बदलतो.

पायरी ७: स्क्रीन

देणगीदाराला पाच स्क्रीन पुरतात: गरजांची यादी, एका गरजेचा तपशील, होकार, माझे होकार आणि संस्थेची माहिती. लॉगिन होकाराच्या वेळीच मागा. नुसती यादी बघायलाही नोंदणी मागितली तर माणसं दारातूनच परत जातात.

यादीचा क्रम ही मोठी जबाबदारी आहे. ‘लोकप्रिय’ असा क्रम लावला की ज्या संस्थांकडे चांगले फोटो आणि मोकळा वेळ आहे त्याच वर राहतात आणि लहान संस्था कायमच्या तळाशी जातात. क्रम मुदत, उरलेली संख्या आणि अंतर यांवर लावा, आणि बराच काळ एकही होकार न मिळालेल्या गरजेला अधूनमधून वर आणा. ‘तातडीची’ ही खूण एका संस्थेला एका वेळी एकाच गरजेवर लावता येईल असं करा, नाहीतर महिन्याभरात सगळ्याच गरजा तातडीच्या होतात.

बटणांचं माप अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही स्क्रीनवरची मापं मोजायची त्या-त्या फोनची एककं). नेहमीच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. अवस्था नुसत्या रंगाने दाखवू नका, शब्दही लिहा. फोनवरची अक्षरं दुप्पट मोठी करून प्रत्येक स्क्रीन तपासा. देवनागरीत ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, विशेषतः ठरावीक उंचीच्या बटणांत.

पत्त्याबाबत एक नियम अजिबात मोडू नये. हिंसेतून बाहेर पडलेल्यांना आसरा देणाऱ्या संस्थांचं ठिकाण नकाशावर दाखवायचं नाही, आणि होकार दिलेल्यालाही ते कळवायचं नाही. सामान आणून देण्यासाठी दुसरी जागा ठेवण्याची सोय रचनेतच असली पाहिजे. फोटोंचंही तसंच आहे. फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, म्हणून अपलोड होताना ही माहिती सर्व्हरवर काढून टाका. लाभार्थींचे चेहरे, त्यातही मुलांचे, न दाखवणं हाच मूळ नियम ठेवा.

पायरी ८: पैसे घ्यायचे ठरले तर

पैसे तुमच्या खात्यात थांबू देऊ नका. गेटवेमधून थेट संस्थेच्या खात्यात जातील अशी व्यवस्था करा. दुसऱ्यांचे पैसे सांभाळायला लागलात की बहुतेक देशांत वेगळे परवाने आणि नियम लागू होतात. कार्डाचा क्रमांक तुमच्या सर्व्हरला दिसताही कामा नये. गेटवेचंच पेमेंट पान वापरलं की पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाचं बरंचसं ओझं हलकं होतं.

रक्कम दशांश अपूर्णांकात साठवू नका. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही, आणि अशा कणाकणाच्या चुका हिशेबात साचत जातात. चलनाच्या सर्वांत लहान एककात पूर्णांक साठवा.

फोनवर ‘यशस्वी’ दिसलं म्हणून पावती देऊ नका. पैसे आल्याची खात्री गेटवेकडून सर्व्हरला थेट येणाऱ्या वेबहुक संदेशावरूनच करा. त्या संदेशाची सही तपासा, आणि तोच संदेश दोनदा किंवा उलट्या क्रमाने येईल हे धरूनच कोड लिहा. यशस्वी आणि अयशस्वी यांच्या जोडीला ‘प्रलंबित’ ही तिसरी अवस्था हवीच, नाहीतर वाट बघून कंटाळलेला माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो.

चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला भामटे देणगीचे फॉर्म वापरतात, कारण तिथे रक्कम लहान चालते आणि माल पोचवायचा नसतो. एका उपकरणावरून ठरावीक वेळात किती प्रयत्न करता येतील याला मर्यादा घाला, किमान रक्कम ठेवा, आणि अयशस्वी व्यवहार अचानक वाढले की सूचना येऊ द्या.

ॲप स्टोअरचे नियम आराखडा करतानाच वाचा. ॲपलच्या नियमांनुसार देणगीदारांना इतर संस्थांशी जोडणाऱ्या मंचाने ॲपमध्येच पैसे घ्यायचे असतील, तर यादीतल्या प्रत्येक संस्थेला ॲपलची ना-नफा मान्यता लागते आणि ॲपल पे (ॲपलची पेमेंट सेवा) चालावं लागतं. मान्यता नसेल तर ॲप मोफत ठेवून पैसे ॲपबाहेर, म्हणजे ब्राउझरमध्ये किंवा एसएमएसने घ्यावे लागतात. गूगल प्लेवर करमुक्त देणग्यांसाठी प्लेची बिलिंग यंत्रणा वापरता येत नाही. हे शेवटी कळलं तर पेमेंटचा सगळा भाग नव्याने बांधावा लागतो. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच बंद करण्याची सोयही द्यावी लागते. ॲपलने हे जून २०२२ च्या अखेरीपासून बंधनकारक केलं आहे. पावत्यांच्या ज्या नोंदी कायद्याने ठेवाव्या लागतात त्या वैयक्तिक माहितीपासून आधीच वेगळ्या ठेवल्या की खातं पुसणं सोपं जातं.

पायरी ९: सूचना आणि पोचपावती

अँड्रॉइड १३ पासून, आणि आयफोनवर आधीपासूनच, सूचना पाठवायला परवानगी मागावी लागते. ॲप उघडल्या उघडल्या मागाल तर नकार येईल. पहिला होकार दिल्यावर, ‘आदल्या दिवशी आठवण करू का?’ असं विचारून मागा. आठवण, पोच मिळाल्याची खबर, आणि सामान कामी आल्याची खबर, या तीन सूचना पुरतात.

तिसरी खबर संस्थेकडून यावी लागते, आणि संस्थेकडे वेळ नसतो. म्हणून गरज पूर्ण झाली की दोन ओळींचा तयार मजकूर पुढे करा, हवा तर बदलून ‘पाठवा’ दाबलं की सगळ्या देणगीदारांना एकदमच जाईल. अहवाल, फोटो, आकडे सक्तीचे केले तर ही पायरी कुणीच करणार नाही.

पायरी १०: चाचणी आणि पहिली सुरुवात

दोन्ही बाजूंची पाच-पाच माणसं घ्या. देणगीदाराला सांगा, ‘जवळच्या एखाद्या संस्थेला पाच वह्या द्यायचं ठरवा आणि नंतर ते रद्द करा.’ संस्थेच्या माणसाला सांगा, ‘एक गरज नोंदवा, आलेल्या सामानाची कमी संख्येने पोच घ्या.’ मध्ये बोलू नका, कुठे अडतात ते लिहा. जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर आणि विमान मोड चालू-बंद करत हेच पुन्हा करा.

सुरुवात एका भागात, पाच ते आठ संस्था आणि वस्तूंचा एकच गट घेऊन सहा आठवड्यांसाठी करा. डाउनलोडच्या आकड्यावरून काही ठरवू नका. दर आठवड्याला तीन आकडे काढा: शंभर होकारांतले किती पाळले गेले, गरज नोंदवल्यापासून भागेपर्यंत सरासरी किती दिवस लागले, आणि यादीतल्या किती गरजा प्रत्यक्षात संपलेल्या निघाल्या. तिसरा आकडा काढायला दर आठवड्याला यादीतल्या दहा गरजा निवडून संस्थांना फोन करावा लागतो. दहापैकी दोनहून जास्त शिळ्या निघत असतील तर नवे देणगीदार आणणं थांबवा आणि ‘ही गरज अजून आहे का?’ हा प्रश्न कुणाच्या फोनवर जातोय ते आधी बघा. बहुतेक वेळा तो अशा माणसाकडे जात असतो ज्याला भांडारात काय आलं ते माहीतच नसतं.